उद्योगास निघण्यापूर्वी : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आपल्या चिटणीसबाईंनी पाठविला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. भजनाचा वर्ग आणि हळदीकुंकवाचा हिशेब एवढेच माझे मंडळातले काम. लेखणीशी माझा संबंध वाण्याच्या यादीपुरता. पण त्याच सुमारास आमच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. तिने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

ह्या मुलीच्या हातच्या पुडाच्या वड्या आपल्यापैकी बऱ्याच जणींनी मंडळाच्या हळदीकुंकवाला खाल्ल्या आहेत. सांबार, सुके खोबरे, खसखस आणि चारोळी ह्यांचे सारण आणि वरून बेसनाचे खुसखुशीत आवरण. सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. कोणी म्हणाले, बाजारात अशी वडी मिळायची नाही. कोणी म्हणाले, तू दुकानच का काढीत नाहीस? ती बिचारी त्या कौतुकाने भारावून गेली. एक गाळा भाड्याने घ्यावा, मोठे यंत्र आणि शीतकपाट घ्यावे, आणि त्यासाठी हातातल्या पाटल्या गहाण टाकाव्या, असा बेत करूनच ती माझ्याकडे आली होती. तिला माझ्याकडून एवढेच हवे होते की, काकूंनी होय म्हणावे.

मला होय म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या पाटल्यांत आहे. ते आधी सांगते.

१९८३ च्या उन्हाळ्यात मी वाळवणाचा धंदा आरंभिला होता. माझ्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होत आणि फुलत चांगल्या. शेजारच्या चाळीस घरांनी कुरडया, तांदळाचे पापड आणि मुगवड्या सांगितल्या. मी इतवारीतून पोत्याने माल आणला, काही रोखीने, काही उधारीवर. नागपूरचे ऊन म्हणजे फुकटचा कामगार, असा माझा हिशेब होता. पण त्या वर्षी ऐन चैत्रात तीन दिवस अवकाळी पाऊस आणि वादळ झाले. गच्चीवरचा माल भिजला, जो घरात आणला त्याला बुरशी धरली. पुन्हा माल आणला, पुन्हा गहू भिजत घातला. पण वेळ टळून गेली. निम्म्या घरांनी दुसरीकडून घेतले. उधारी फेडताना माझ्या दोन पाटल्या गेल्या त्या गेल्याच. हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

पुष्कळ दिवस मी दोष पावसाला दिला. पुढे थोडी शांत झाले तेव्हा कळले की पाऊस हे निमित्त होते. मी निघाले तेव्हाच तयार नव्हते. माल खराब झाला तर किती दिवस तग धरता येईल, माझ्या मेहनतीचे मोल किती, मी आजारी पडले तर काम कोण करील, ह्यांपैकी एकही प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. चार जणींनी कौतुक केले आणि मी ते भांडवल समजून बसले.

हे सारे मला उमगले ते एका थोर माणसाचे चरित्र वाचताना. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १९६९ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, पोस्टाने त्यांचे तिकीट काढले, तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या गुरुजींनी त्यांची गोष्ट वर्गात सांगितली होती. नांगरवाले किर्लोस्कर एवढेच तेव्हा लक्षात राहिले. घरी आईने ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक जपून ठेवले होते, त्यावरही किर्लोस्करांचेच नाव. पाटल्या गेल्यावर मी ते चरित्र पुन्हा वाचले, आणि ते मला निराळेच दिसले. मोठा कारखानदार कसा झाला, ह्यापेक्षा निघण्यापूर्वी ह्या माणसाने स्वतःला कसे पारखले, हे मला त्यात सापडले. त्या मुलीला मी तेच सांगितले, आणि इथेही तेच सांगते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताची आवड असलेले गृहस्थ. मुलाने शाळा शिकून चाकरीस लागावे, अशी त्या काळच्या घरांतली रीत. लक्ष्मणरावांचे मन मात्र चित्रे काढण्यात आणि यंत्रांत रमे. सोळाव्या वर्षी, १८८५ साली, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वडिलांना हे पसंत नव्हते. वडील बंधू रामूअण्णा आणि डॉक्टर असलेले दुसरे बंधू वासुदेवराव ह्यांनी पैशाचा व धीराचा आधार दिला, म्हणून ते जाऊ शकले.

दोन वर्षे झाली आणि एक गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखू येत नसत. चित्रकार व्हावयास निघालेल्या मुलास ह्याहून मोठा धक्का कोणता? वडिलांच्या मर्जीविरुद्ध आलेला, भावांच्या पैशावर शिकत असलेला अठरा वर्षांचा मुलगा. दुसरा एखादा हे लपवून पुढे रेटत राहिला असता, किंवा नशिबाला बोल लावीत गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाचित्रण धरले. त्यात रंगाचे काम नाही. रेषा स्वच्छ आणि माप अचूक पाहिजे, आणि तो हात त्यांचा उत्तम होता. डोळ्यांतले वैगुण्य त्यांनी कबूल केले आणि हातातल्या गुणावर उभे राहिले.

मैत्रिणींनो, आपण बायका आपले गुण सांगताना संकोचतो आणि आपली उणीव तर मनातही आणीत नाही. माझी उणीव हिशेब ही होती. मुगवडीत मीठ किती हे मला डोळे मिटून कळे. पण उधारी किती झाली हे वही उघडूनही कळत नसे. ते मी आधी मान्य केले असते, तर वही दुसऱ्या कोणाच्या हाती दिली असती. म्हणून पहिला प्रश्न हा : मला काय येत नाही?

पुढे लक्ष्मणरावांस मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत यांत्रिक रेखाचित्रण शिकविण्याची नोकरी मिळाली. ते सहायक शिक्षक झाले. दिवसा शिकवावे आणि उरलेल्या वेळी यंत्रांवरची पुस्तके वाचावी, कार्यशाळेत यंत्रे खोलून पाहावी, असा त्यांचा क्रम होता. कोणी सांगितले नव्हते, पगार वाढणार नव्हता. तरी ते शिकत राहिले. धंद्याची कल्पना डोक्यात येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे हात त्या कामासाठी तयार होत होते.

अशातच त्यांनी मुंबईत एका माणसास सायकलवर जाताना पाहिले. त्या काळी सायकल ही मोठ्या नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी १८८८ साली रामूअण्णांच्या जोडीने बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि त्यास ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ असे नाव दिले. आता ह्यातली खुबी पाहा. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावास गेले नाहीत. ते मुंबईत नोकरीवरच राहिले. मुंबईत सायकली विकत घेऊन ते बेळगावास पाठवीत, आणि तिथे रामूअण्णा त्या विकीत. नुसत्या विकीत नसत, गिऱ्हाइकास चालवावयासही शिकवीत. ज्याला बसता येत नाही तो सायकल घेईल कशाला, हे त्या बंधूंनी ओळखले होते.

म्हणजे घरच्या चुलीला धक्का न लावता त्यांनी धंद्याची गोडी आणि कडूपणा दोन्ही चाखून पाहिली. माल कुठे घ्यावा, कितीत पडतो, वाहतुकीस काय लागते, गिऱ्हाईक काय विचारते, हे सारे त्यांना कळत गेले ते महिन्याचा पगार हाती येत असताना. मी तर पहिल्याच उडीत चाळीस घरे घेतली होती! म्हणून दुसरा प्रश्न : हे लहान प्रमाणावर, चूल चालू ठेवून, मी आधी करून पाहिले आहे काय?

नोकरीचा शेवट मात्र अन्यायाने झाला. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. गुलामगिरीचा तो काळ. अशी उदाहरणे पदोपदी घडत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. वरवर पाहणाऱ्यास हे रागाच्या भरात टाकलेले पाऊल वाटेल. पण राग आला त्या दिवशी बेळगावात दुकान होते, विश्वासाचा भाऊ होता, यंत्रांचे ज्ञान होते आणि व्यापाराचा अनुभव होता. आपल्या घरांतही असे प्रसंग येतात. कोणी टोचून बोलते, कमावत नाही म्हणून हिणवते, आणि मग आपण उद्या दाखवूनच देते म्हणून उठतो. त्या उठण्यामागे काही तयारी असली तरच ते टिकते.

बेळगावात आल्यावर सारे सुरळीत झाले असे मुळीच नाही. गुंड्या तयार करण्यासारखे लहान उद्योग त्यांनी करून पाहिले, ते टिकले नाहीत. पवनचक्क्या विकून पाहिल्या. पुढे कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी तयार केले, आणि इथे त्यांस वाट सापडली. आपल्या मुलखात घरोघरी गुरे. आणि अख्खा कडबा टाकला तर गुरे पाने खातात आणि बुडखे टाकून देतात. तोच बारीक कापला तर वाया कमी जातो. दुष्काळात तर एकेका पेंढीचे मोल. शेतकऱ्यास ज्याची नड आहे तेच त्यांनी केले.

त्यानंतर आला लोखंडी नांगर, आणि त्याबरोबर खरी परीक्षा. आपला जुना लाकडी नांगर जमीन वरवर उकरी. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथी. गुण उघड होता. पण शेतकऱ्यांच्या मनात भीती बसली की लोखंडाने जमिनीस विष चढेल आणि पीक जळेल. नांगर तयार, पण घेणारा कोणी नाही. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपण दोन आठवडे गिऱ्हाईक आले नाही तर पाटी उतरवू. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांस मूर्ख म्हटले नाही. त्यांचे ऐकून घेतले, त्यांस समजावीत राहिले आणि नांगर सुधारीत राहिले. आणि हे करता आले, कारण दुसरी किरकोळ कामे चालू होती. सारा प्राण नांगरात अडकला नव्हता.

माझे काका काटोलकडे शेती करीत. त्यांच्या गोठ्यात किर्लोस्करांचा जुना नांगर पडलेला मी लहानपणी पाहिला आहे. एके काळी विषारी म्हणून टाळला गेलेला तो नांगर बेळगावापासून इतक्या दूर आमच्या काळ्या मातीपर्यंत येऊन पोहोचला होता. पण त्याआधी ती दोन वर्षे बसून काढावी लागली होती, हे मला मोठेपणी कळले. तिसरा प्रश्न त्यातून निघतो : माल विकला गेला नाही तर मी किती दिवस थांबू शकते, आणि तोवर घर कशावर चालेल?

धंदा जरा रुळावर येतो तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या आखणीसाठी कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. यंत्रे, माणसे, माल, सारे उचलून जावे तरी कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी हात दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि गुणांचे चाहते. औंध येथे देवीच्या मंदिरापुढील सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते, त्यातून त्यांचा सचोटीचा परिचय महाराजांस झालेला होता. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड ह्या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

ही जागा म्हणजे उजाड माळ होता. निवडुंगाची रानेच्या राने आणि त्यांत सापांचा सुळसुळाट. पिण्याच्या पाण्याची पंचाईत. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपली माणसे आणि त्यांची कुटुंबे घेऊन तिथे उतरले. त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती गाव वसले. तेच किर्लोस्करवाडी. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, आणि स्टेशनासही तेच नाव मिळाले आहे.

मैत्रिणींनो, आपल्या वाट्यास राजेसाहेब येत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण राजेसाहेबांनी कर्ज दिले ते कशावर? सोने गहाण ठेवून नव्हे. हाती घेतलेले काम चोख केले होते, शब्द पाळला होता, त्या पतीवर. पत ही संकट येण्यापूर्वी मिळवावी लागते. ज्या दिवशी माझा माल भिजला त्या दिवशी मला दुकानदाराकडे आठ दिवसांची मुदत मागण्याइतकीही पत नव्हती, कारण माझा त्यांच्याशी पहिलाच व्यवहार होता. म्हणून चौथा प्रश्न : अडचणीच्या दिवशी माझ्या शब्दावर विश्वास ठेवील असे कोण आहे?

किर्लोस्करवाडीच्या कथेतील मला सर्वांत भावणारा भाग तेथील माणसांचा आहे. लक्ष्मणरावांनी पदव्या पाहून माणसे निवडली नाहीत. शंभोराव जांभेकर हे यंत्रांच्या कामात त्यांचा उजवा हात झाले. के. के. कुलकर्णी ह्यांची गाडी मॅट्रिकपाशी अडलेली; पण बोलण्यात हुशार, म्हणून त्यांच्याकडे विक्री आली. मंगेशराव रेगे हिशेबाचे चोख, ते कचेरी सांभाळीत. अनंतराव फळणीकर ह्यांचे इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट राहिलेले, तेही इथे इंजिनिअर म्हणून नावारूपास आले. आणि रामूअण्णांनी गावाची आखणी आणि व्यवस्था पाहिली. रात्रीच्या पहाऱ्यास तर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे ठेविली, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यता त्यांनी आपल्या वसाहतीत चालू दिली नाही.

ज्या माणसाने अठराव्या वर्षी आपल्या डोळ्यांची उणीव ओळखली, त्यानेच पुढे आपल्या प्रत्येक उणिवेच्या जागी योग्य माणूस बसविला. मला ह्या दोन गोष्टी एकच वाटतात.

आणि इथे एक नाव घेतल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ते म्हणजे त्यांच्या पत्नी राधाबाई. त्या ओसाड माळावर त्यांनी संसार थाटला, मुले वाढविली. आल्यागेल्याचे, नव्याने आलेल्या कुटुंबांचे पाहणे हे ओघानेच घरच्या बाईकडे येते. लक्ष्मणराव दिवसभर कारखान्यात उभे राहू शकले ते घरचा भार दुसऱ्या कोणी उचलला म्हणून. चरित्रे वाचताना आपण हे विसरतो. आपण बायका उद्योगास निघतो तेव्हा आपल्या घरी राधाबाई कोण? सकाळचा डबा, सासूबाईंचे औषध, मुलांचा अभ्यास हे तर सुटत नाही. धंदा त्यावर येऊन बसतो. पाचवा प्रश्न म्हणून हा, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सर्वांत अवघड : मी कामावर उभी असताना माझे घरचे काम कोण करील, हे घरात बसून, बोलून ठरले आहे काय? नुसते मनात धरून चालत नाही. माझ्या वेळी ठरले नव्हते. कुरडयांचा चीक शिजत असताना मी पोळ्या लाटीत होते, आणि दोन्ही करपले.

लक्ष्मणरावांचे पुढील आयुष्य सर्वश्रुत आहे. १९२० साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी व्याप वाढविला. हातपंप, उसाचे चरक, पुढे तेलावर चालणारी इंजिने असा पसारा झाला. पुतणे शंकरराव ह्यांनी ‘किर्लोस्कर’ आणि १९३० साली ‘स्त्री’ ही मासिके काढली, ज्यांनी आपल्या आयांना आणि आज्यांना विचार करावयास शिकविले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या क्षोभात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत जळाली. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, कारण माणसे आणि पत जळाली नव्हती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

सारे काही त्यांच्या कर्तबगारीनेच झाले असे म्हणणे खरे होणार नाही. भाऊ पाठीशी होते, राजा पाठीशी होता. तितकीच तयारी करूनही ज्यांना यश आले नाही, अशी माणसे असतील, आणि त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. तयारी केली म्हणजे यश ठेवलेलेच, असे मी म्हणणार नाही. पण तयारी असली तर अपयश आले तरी पाटल्या जात नाहीत, एवढे मी स्वानुभवाने सांगते.

आता त्या मुलीकडे वळते. हे पाच प्रश्न मी तिला एका वहीत लिहून दिले आणि आठ दिवसांनी ये म्हटले. ती आली ती थोडी रुसूनच. पहिल्या प्रश्नास तिने लिहिले होते की पैसे मागण्याचा संकोच वाटतो. दुसऱ्यापुढे कोरे होते. तिसऱ्यापुढे, दीड महिना. चौथ्यापुढे माहेरच्या मावशीचे नाव, आणि पाचव्यापुढे पुन्हा कोरे.

आम्ही ठरविले की पाटल्यांना हात लावावयाचा नाही. दहा घरे घ्यावयाची, आठ रविवार वड्या द्यावयाच्या, आणि पहिल्या दिवसापासून रोख दाम. वहीत बेसन, तेल, गॅस ह्यांबरोबर तिच्या स्वतःच्या तासांचेही मोल लिहावयाचे. अन्नपदार्थ विकणाऱ्यास सरकारी नोंदणी घ्यावी लागते, तीही आधी करून घ्यावयाची.

आठ रविवारांत पुष्कळ कळले. दहापैकी सात घरांनी पुन्हा मागितल्या. एका घरी तेल जास्त वाटले. ते खरे होते, आणि तिने सुधारले. दोन रविवारी मुलाला ताप होता म्हणून वड्या झाल्याच नाहीत. तिच्या तासांचे मोल धरल्यावर नफा फारच थोडा उरला, तेव्हा तिने दर वाढविला, आणि आश्चर्य म्हणजे कोणी कुरकुर केली नाही. सर्वांत मोठी गोष्ट अशी कळली की थंडीत सांबार स्वस्त आणि कोवळा मिळतो, पण उन्हाळ्यात तो महागतो आणि वडीचा हिशेब बिघडतो. म्हणजे वर्षभर गाळ्याचे भाडे भरून हा धंदा परवडणारा नव्हता. हे पाटल्या गहाण टाकल्यावर कळले असते तर?

आता येत्या कार्तिकात ती आपल्या घरूनच आरंभ करणार आहे. मंडळातल्या दोघी तिच्या जोडीला आहेत. एक हिशेब पाहील, दुसरी घरोघरी जाऊन मागणी आणील आणि पैसेही मागेल. पाचव्या प्रश्नापुढची कोरी जागाही परवा भरली. रविवारची सकाळची स्वयंपाकाची पाळी तिच्या यजमानांनी घेतली आहे. पहिल्या रविवारी भातात पाणी फार झाले, असे ती हसत सांगत होती.

पाटल्या तिच्या हातात आहेत. ती वाटी पुढे करते तेव्हा त्या वाजतात, आणि मला बरे वाटते.

ज्या भगिनींच्या मनात असा काही उद्योग घोळत असेल, त्यांनी घाबरू नये आणि घाईही करू नये. प्रश्नांची ती वही मंडळाच्या कपाटात ठेविली आहे. मागून न्यावी, एकटीने बसून खरी खरी उत्तरे लिहावी, आणि परत आणून द्यावी. मंडळाच्या पुढील स्मरणिकेत अशा चार जणींचा वृत्तान्त छापण्याचा योग येवो, एवढीच वर्धापनदिनी इच्छा करून ही लेखणी खाली ठेवते.